ट्रॅक्टरला अर्थिंग

आमचा ट्रॅक्टर जुना आहे. चालवणाऱ्याच्या समोर जी पत्र्याची पाटी असते तिला हे डॅशबोर्ड म्हणतात, मी पाटीच म्हणते. हे म्हणजे आमच्या घरचे. त्या पाटीवर इंजिन किती तास चाललं ते मोजणारं एक घड्याळ आहे, ते बंद पडून किती काळ झाला कोण जाणे. डिझेलचा काटा आहे, तो टाकी भरली तरी अर्ध्यावर आणि रिकामी झाली तरी अर्ध्यावर. हे आपले टाकीत काडी घालून डिझेल पाहतात. आणि त्याच्या खाली बारक्या दिव्यांची ओळ. प्रत्येक दिव्याजवळ एक चित्र, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. एका लाल दिव्याजवळ तोटीचं भांडं काढलंय आणि तोटीतून एक थेंब पडतोय. ती ऑइलची कुपी आहे म्हणे. मला ती झारीसारखी दिसते, म्हणून आमच्या घरात त्या दिव्याचं नावच झारी पडलं.

चावी फिरवली की झारी पेटते, इंजिन सुरू झालं की विझते. विझली म्हणजे इंजिनात ऑइल फिरायला लागलं. चालू इंजिनावर पेटलेलीच राहिली तर ऑइल वर चढत नाही असं समजायचं आणि तिथल्या तिथे बंद करायचं. आमच्या गावात एकजण "दिवाच तं हाय" म्हणून तसाच नांगरत राहिला होता आणि त्याचं इंजिन वावरातच जाम झालं. हे ते पाहून आलेले. तेव्हापासून त्या पाटीवर यांचा विश्वास फक्त झारीवर.

तर यंदा दसरा झाला, सोयाबीन घरी आलं, आणि ऐन हरभऱ्याच्या पेरणीला झारी विझेना.

आमच्या वावरातला हरभरा पेरून झाला होता. राहिलं होतं ते माझ्या नणंदेचं वावर, कारंज्यापलीकडे धनजला. ती यांच्यापेक्षा मोठी, आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. नवरा गेल्यापासून बाई एकटीच राहते आणि स्वतःच शेती पाहते. मजूर लावणं, बियाणं आणणं, फवारणीवाल्याशी भांडणं, सगळं तीच. पेरणी मात्र तिच्या भावाच्या ट्रॅक्टरने, हे ठरलेलं. तिचा एक चुलत दीर तिथेच राहतो, त्याच्याकडे नवा ट्रॅक्टर आहे. पण तो दरवर्षी एकच गाणं लावतो, वहिनी, तुमच्यानं होत नाही आता, वावर मला बटईनं द्या. एकदा बटईनं दिलं की कसणारा तो, बियाणं त्याच्या पसंतीचं, आणि बाई घरात बसून अर्ध्या वाट्याची वाट पाहणार. मग ते वावर पुन्हा तिच्या हाती येतं की नाही, याचा काही भरवसा नाही. बाईला ते नको होतं. आणि गावातले बाकीचे ट्रॅक्टर त्या दिवसांत कोणाच्या हाती लागतात? ज्याच्या त्याच्या वावरात जुंपलेले.

तिची जमीन कोरडवाहू. पाऊस थांबला की जमिनीत जो वाफसा, पेरणीजोगा ओलावा, राहतो, त्यावरच हरभरा उगवायचा. तो दोन-चार दिवस टिकतो. बाईचा रोज फोन, "वाफसा चालला रे भाऊ, कधी येतं?" हे म्हणायचे, "उद्या निंगतो."

त्या उद्याच्या सकाळी यांनी पेरणीयंत्र जोडलं, मी दशम्या बांधल्या, इंजिन सुरू झालं आणि झारी पेटलेलीच. यांनी लगेच बंद केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा लाल. मी ओट्यावरून पाहत होते. यांचा चेहरा असा उतरला, जसं घरात कोणाला ताप आला.

"ऑइल पाह्यलं?" मी विचारलं.

"पाह्यलं. काडीवर बरोबर हाय."

"मंग झारी काहून पेटून राह्यली?"

"तिलेच इचार."

यांनी मंगरूळपीरच्या मिस्त्रीला फोन लावला. हा मिस्त्री आमच्या ट्रॅक्टरला नाडी पाहिल्यासारखा ओळखतो. पण तो निघाला साळ्याच्या घराच्या वास्तूला, दूर कुठेतरी. मागे भोंगा एवढा मोठा वाजत होता, की यांनी फोन स्पीकरवर टाकला तरी आम्हाला निम्मंच कळलं.

"ऑइल बरोबर हाय ना भाऊ? मंग घाबरू नोका. ते वायर... अर्थिंग... पहिले अर्थिंग पाहा. अर्थिंगच असन."

फोन कटला. नंतर लागलाच नाही.

आता अर्थिंग हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. विहिरीवरच्या मोटरची अर्थिंग. जमिनीत लोखंडाचा रॉड गाडलेला असतो, त्याला तार जोडलेली असते, आणि उन्हाळ्यात तिथली माती सुकली की मोटर कुरकुर करते. मग रॉडच्या बुडाशी खडे मीठ टाकून पाणी सोडायचं. ते काम माझं. तुळशीला पाणी घालते तसं त्या रॉडला घालते. मीठ-पाणी मिळालं की मोटर कशी गुमान चालते, हे मी कितीदा पाहिलंय.

त्यामुळे मिस्त्री "अर्थिंग पाहा" म्हणाला तेव्हा आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर तो रॉडच आला. दुसरं काही यायचं कारणच नव्हतं.

हे ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून आले. म्हणाले, "बराबर हाय त्याचं. हा रबरावर उभा हाय. चारी चाकं रबराची. याले जमीन लागतेच कुठं?"

म्हटलं, "इतके साल तं रबरावरच चालला."

"तवा जवान होता."

मी मिठाची बरणी आणायला आत गेले.

यांनी घरातली पहार आणली आणि ट्रॅक्टरच्या बाजूला अंगणात ठोकली. जुन्या तारेचा एक तुकडा होता, त्याचं एक टोक पहारीला गुंडाळलं. दुसरं टोक ट्रॅक्टरला कुठे बांधायचं? रंगावर बांधून उपयोग नाही, कोरं लोखंड पाहिजे, एवढं यांना माहीत. शोधत शोधत पाटीच्या खाली हात घातला, जिथून सगळ्या वायरी वर जातात. तिथे एक बोल्ट चकचकीत घासलेला सापडला. त्याला तार चांगली दाबून, दोन वेढे देऊन बांधली. मी तोवर मिठाची बरणी आणि पाण्याची बादली घेऊन उभी. पहारीच्या बुडाशी मूठभर मीठ टाकलं, वरून पाणी सोडलं.

यांनी चावी फिरवली. झारी पेटली. इंजिन सुरू झालं. झारी विझली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यांनी मान हलवली, जशी डॉक्टर हलवतो. मग खात्री करायची म्हणून बोल्टाची तार सोडली. झारी पेटली. पुन्हा बांधली. विझली. पुन्हा सोडली, पेटली. आता याच्यावर अजून काय पुरावा पाहिजे? मी तर मनात म्हणत होते, मिस्त्रीला मानलं पाहिजे, भोंग्याच्या आवाजातही अचूक सांगितलं त्याने.

अडचण मग ध्यानात आली. पहार अंगणात, आणि वावर धनजला.

"पेट्रोलचे टँकर पाह्यले काय तू? मांगून साखळी लोंबते त्याइले," हे म्हणाले. "तसंच करा लागन."

गोठ्यातून गुरांची जुनी साखळी आणली. मागच्या बाजूला बांधून जमिनीवर लोंबती सोडली, आणि बोल्टाची तार सोडून दिली. झारी लाल ती लाल.

म्हटलं, "साखळीले मीठ कुठं हाय?"

"मंग रस्त्यानं मीठ टाकत जाऊ काय धनजवरी?"

हे चिडले की असं बोलतात. पण खरं सांगते, मी तेव्हा मिठाचा हिशेब मनातल्या मनात करून पाहिला होता.

साखळी काढली, तार पुन्हा बोल्टाला बांधली, म्हणजे निदान झारी तरी विझेल. आणि तेवढ्यात बाई आली. फोनवर पटेना म्हणून स्वतःच एसटी धरून, कारंज्याला गाडी बदलून आली होती. फाटकातच उभी राहिली. कमरेवर हात. ट्रॅक्टर पाहिला, पहार पाहिली, मधली तार पाहिली.

"काय रे भाऊ, काहून बांधून ठेवला? मारका झाला काय?"

यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. रबर, जमीन, करंट, मीठ. बाईने पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय वं, अन् तू मीठ टाकत होती?"

"टाकलं ना बाई. अन् विझली झारी."

"वैरण नाई टाकली?"

ती ओट्यावर टेकली. मी पाणी दिलं. ते प्यायच्या आधी तिने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत तिच्या वावरातली माती. मुठीत घेऊन दाबली, गोळा झाला. बोटाने टिचकी मारली, फुटला.

"पाह्य. आज असा होते. परवा नाई होनार," ती म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "सकाळीच तो येऊन गेला. म्हने वहिनी, माहा ट्रॅक्टर रिकामा हाय, बटईचं हो म्हना, उद्याच पेरून देतो. म्या म्हटलं माहा भाऊ येऊन राह्यला. भाऊ इथं खुटी ठोकून बसला."

बायकोसमोर चिडता येतं, मोठ्या बहिणीसमोर नाही. पण झारी पेटलेली असताना ट्रॅक्टर रस्त्यावर काढायचाही नाही. इंजिन जाम झालं तर बाईचं वावर तर जाईलच, वर ट्रॅक्टरही जाईल. मला दोघांचंही पटत होतं. अशा वेळी मी चहा ठेवते.

चहा झाल्यावर बाई उठली. पदर खोचला.

"चाल. खुटी उपट, तार गुंडाळ, अन् चाल."

"तार सोडली का झारी पेटते बाई."

"तं सोडू नोको ना. तिकडून सोड, इकडून राहू दे. गुंडाळून ठेव पायापाशी. धनजले मी ठोकून देईन तुही खुटी, म्हनशीन तिथं."

यांनी वैतागूनच पहारीवरची तार सोडली, तिचं वेटोळं केलं, पाटीखाली लोंबकळत ठेवलं. बोल्टाचं टोक तसंच. पहार उपटून भिंतीला लावली. आणि बाईला दाखवायचं म्हणून, की बघ आता कशी पेटते, इंजिन सुरू केलं.

झारी विझली. विझलेलीच राहिली.

हे पाटीकडे पाहत बसले. पहार भिंतीला. मीठ जमिनीत. ट्रॅक्टर रबरावर. तारेचं टोक हवेत. आणि झारी शांत.

"मंग अर्थिंग कुठं गेली?" बाईने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती.

माझ्या डोक्यात आला आमचा मिक्सर. मागे एकदा त्याची वायर उजवीकडे वाकवून धरली की तो चालायचा, सोडली की बंद. कितीतरी दिवस मी एका हाताने वायर धरून चटणी वाटली. शेवटी वायर उघडून पाहिली तर आत तुटलेली. वाकवली की दोन टोकं भेटायची, एवढंच. म्हटलं इथेही तसंच काहीतरी असावं.

"आवो," म्हटलं, "खुटीनं काही झालं नाई. तुमी जिथं तार बांधली ना, तिथंच काही तरी हाय. तुमचा हात लागला का तिथलं काही तरी हालते."

यांनी इंजिन बंद केलं. बोल्टाजवळ वाकून पाहिलं. पण यांना जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावायचा नाही. शेवटी मीच माझा चष्मा लावला, पदराने घाम पुसला, आणि पाटीच्या खाली डोकं घातलं. हे एका बाजूला उभे, बॅटरीचा उजेड धरून. बाईला म्हटलं, तुमी वर बसा, अन् झारी काय करते ते सांगत राहा.

बाई ट्रॅक्टरच्या सीटवर चढली. तिने आधी तिथून सगळं अंगण एकदा पाहून घेतलं. बरं वाटलं असावं.

इंजिन पुन्हा सुरू केलं आणि मी बोल्टाची तार हळूच सोडली.

"आली," बाई वरून म्हणाली.

मी वायरींचा जुडगा बोटाने उचलला.

"गेली."

सोडला.

"आली. गेली. आली. काय वं, हे झारी हाय का सासुरवाशीण?"

"बाई, हासवू नोको, पंख्याजवळ डोकं हाय," हे ओरडले. पंखा पुढे लांब होता, पण यांना काळजी.

इंजिन बंद करून मी एकेक वायर वेगळी करत गेले. वायरींवर धूळ आणि ऑइलचा थर, बोटं काळी झाली. त्यात एक बारीक वायर होती, इंजिनाच्या बाजूने वर आलेली. तिच्यावर काहीतरी आवळून बसलं होतं. मला आधी वाटलं कोळ्याचं जाळं. नीट पाहिलं तर बांधकामात सळाखी बांधतात ती बारीक लोखंडी तार. वायरींच्या जुडग्याला आणि त्या बोल्टाला मिळून तिचा वेढा होता, पकडीने पिळून घट्ट केलेला, आणि पिळाचं टोक त्या बारीक वायरच्या रबरात रुतलेलं. रबर कापून आतलं तांबं दिसत होतं. बोल्टही चकचकीत झाला होता तो याच तारेने घासून घासून. आणि त्या वेढ्यात काय अडकलं होतं? वाळलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या.

मी डोकं बाहेर काढलं आणि पाकळ्या बाईच्या हातावर ठेवल्या.

तिला लगेच कळलं. दसऱ्याला ती माहेरीच होती, आमच्याकडे. आमच्या गावात दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन, हळद-कुंकू लावून, हार घालून शिलंगणाला शिवेवर नेतात. मागच्या वर्षी आमचा हार सुतळीने बांधला होता, तो वाटेत तुटून पडला आणि मागच्या ट्रॅक्टरखाली गेला. बाईच्या मनाला ते लागलं होतं. म्हणून यंदा तिने स्वतः झेंडू ओवला, आंब्याची पानं मध्ये घातली, आणि पाटीखाली हात घालून हाराचं एक टोक तारेने पक्कं पिळून बांधलं. मग हार सुकला, आम्ही तो ओढून काढला, फुलं उकिरड्यावर गेली. तारेचा वेढा आत राहिला. इंजिनाच्या थरथरीने तो रोज थोडंथोडं रबर खात गेला.

"कोनं बांधला होता वं हार?" यांनी मला विचारलं, बाईकडे न पाहता.

"म्याच बांधला," बाई म्हणाली. "पक्का बांधला होता ना? पडला काय मंग?"

हे हसले. मग तीही हसली. सकाळपासून पहिल्यांदा अंगणात कोणीतरी हसलं.

पुढचं समजावून सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला जरा वेळ लागला. झारीची वायर इंजिनावरच्या एका बटनापर्यंत जाते. ऑइलचा दाब नसतो तेव्हा ते बटन वायरीला ट्रॅक्टरच्या लोखंडाशी जोडतं, आणि झारी पेटते. दाब आला की सोडतं, झारी विझते. म्हणजे ट्रॅक्टरची अर्थिंग म्हणजे त्याचं स्वतःचं लोखंड. जमिनीचा काही संबंधच नाही. आमची वायर त्या हाराच्या तारेमुळे मधल्या मध्येच लोखंडाला टेकत होती. ऑइल असो की नसो, झारी आपली लाल. हे बोल्टाला जाड तार बांधायचे तेव्हा हाराचा वेढा बाजूला सरकायचा, वायर सुटायची, झारी विझायची. तार सोडली की वेढा पुन्हा जागेवर. मिस्त्री सांगत होता की वायर नको तिथे अर्थिंग घेत असेल, ते पाहा. आणि आम्ही तिला वरून मीठ वाढत होतो.

यांनी हाराची तार पकडीने कापून काढली. उघड्या तांब्यावर काळी टेप गुंडाळली, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, आणि वायर बोल्टापासून दूर बांधली, सुताच्या दोऱ्याने. तार पाहूनच मी दोरा काढून दिला होता.

मला वाटलं झालं. पण हे समाधानी नव्हते.

"इतका वेळ खोटी बोलली," म्हणाले, "आता खरी बोलते कायवरून?"

बाईचा जीव वाफशात अडकलेला, ती म्हणाली, "आता तिची जबानी घेतं काय?" पण हे हटले नाहीत, आणि मला ते बरोबरच वाटलं. विझलेली झारी म्हणजे सगळं ठीक, पण वायरच तुटली असेल तरीही ती विझलेलीच दिसणार. यांनी इंजिन न लावता नुसती चावी फिरवली. झारी पेटली. बटनावरची वायर उपसली, विझली. लावली, पेटली. म्हणजे वायर धड. मग पाना घेऊन ते बटनच काढलं, बाईला म्हणाले सेल्फ मार. बाईने आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅक्टरचा सेल्फ मारला. बटनाच्या भोकातून ऑइलची अशी चिळकांडी उडाली, की यांच्या बनियानवर काळा पट्टा आणि बाईच्या लुगड्यावर ठिपके.

"हाय," हे म्हणाले. "ऑइल हाय."

"मले बी दिसलं," बाई लुगडं पाहत म्हणाली.

बटन बसवलं, पुसलं, इंजिन सुरू केलं. झारी पेटली आणि विझली, जशी विझायला पाहिजे तशी.

मी दशम्यांचं गाठोडं उचललं. माझं जायचं ठरलेलं नव्हतं, पण इतकं झाल्यावर घरी कोण बसतं? एका मडगार्डवर बाई, दुसऱ्यावर मी, मध्ये हे, मागे उचललेलं पेरणीयंत्र. कारंज्यातून जाताना लोक पाहत होते. दोन म्हाताऱ्या नवरीसारख्या दोन्ही बाजूंना बसलेल्या, एकीच्या लुगड्यावर ऑइल, दुसरीचे हात कोपरापर्यंत काळे. बाईने ओळखीच्या एका दुकानदाराला हातसुद्धा केला.

कारंज्याच्या बाहेर चहाला थांबलो तेव्हा मिस्त्रीचा फोन आला. यांनी स्पीकरवर टाकला.

"काय भाऊ, पाह्यली काय अर्थिंग?"

"पाह्यली."

"कुठं होती?"

यांनी बाईकडे पाहिलं. "हाराच्या तारेत."

"मले वाटलंच होतं का वायर कुठी तरी टेकून राह्यली असन. दुसरं काही केलं तं नाई ना?"

"नाई," हे म्हणाले.

बाई शेजारून फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मीठ टाकलं."

"कायमधी?" मिस्त्री म्हणाला.

यांनी फोन बंद केला आणि चहा फुंकत बसले.

धनजला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाई रस्त्यावरच उतरली आणि चपला हातात घेऊन वावरात शिरली. मध्यावर जाऊन वाकली, पायाच्या अंगठ्याने माती उकरली, हातात घेऊन दाबली. लांबून मला गोळा दिसला नाही, पण तिने मागे वळून यांना हात केला, ये म्हणून. मग मला कळलं.

यांनी यंत्रात बियाणं ओतलं, ट्रॅक्टर आत घातला. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बाभळीच्या सावलीला बसले. यांचा एक डोळा सरळ रेघेवर आणि एक झारीवर, इतक्या लांबूनही मला ते दिसत होतं. दर वळणाला मान खाली जायची. बाई यंत्राच्या मागे मागे चालत होती. मध्येच वाकून दाणा किती खोल पडला ते बोटाने पाहायची, वर माती ओढायची, पुन्हा चालायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं चालायला. यंत्र आपलं काम करतच होतं.

अर्धं वावर झालं असेल, तेव्हा तिचा तो चुलत दीर फटफटीवर आला. धुऱ्यावर, अगदी वळणाच्या जागेवर गाडी लावून उभा राहिला. मला नमस्कार केला. माणूस काही वाईट नाही, बोलायला गोड आहे. बाई मातीने भरलेल्या पायांनी तिथवर आली.

"आला वाटते भाऊ," तो म्हणाला. "म्या म्हटलं काय झालं असन, सकाळपासून वाट पाहून राह्यल्या तुमी."

"आला ना."

"जुनाच हाय ट्रॅक्टर."

"जुनाच हाय."

त्याने तिकडे नजर टाकली. ट्रॅक्टर वावराच्या त्या टोकाला वळत होता. "मंग वहिनी, त्या बटईचा काय इचार केला? औंदा नाई तं पुढच्या साली तरी..."

बाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती ट्रॅक्टरकडे पाहत होती, जो आता आमच्याच दिशेने येत होता. मागे काळ्या मातीत सरळ, ओलसर रेघा उमटत चालल्या होत्या.

"ते फटफटी सरकव जरा," ती म्हणाली. "माह्या भावाले इथून वळवा लागते."

त्याने सरकवली. ट्रॅक्टर आला, वळला, आणि बाई पुन्हा त्याच्या मागे चालायला लागली.